पुलावरचे आजोबा

दादाने बैठकीच्या भिंतीवर वंशवृक्ष रंगवून घेतला, तेव्हाच आत्याने ओळखलं की हे प्रकरण भिंतीपुरतं राहणार नाही. रंगारी एरवी दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचं नाव जाड, लाल, खाली काळी सावली दिलेलं, जणू आत माल मिळतो. खोडावर आजोबा. उजवीकडे दादाची फांदी: दादा, दोन मुलगे, तीन नातवंडं आणि एका अजून जन्माला न आलेल्या नातवंडासाठी सोडलेली जागा. ती फांदी इतकी लगडलेली होती की अख्खं झाड त्या बाजूला कललं होतं. डावीकडे काकांची फांदी. ती वीतभर वाढवून कापून टाकली होती, आणि रंगाऱ्याने हौसेने करवतीच्या खुणाही काढल्या होत्या. आत्या म्हणजे मधे कुठेतरी एक सुटं पान.

"हे पान पडतंय का?" तिने विचारलं.

"तरंगतंय," दादा म्हणाला. "तू लग्न केलं नाहीस. देठ कुठे जोडायचा?"

आत्याने चाळीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं वाचली होती. आयुष्यभर लोकांच्या चुका काढत बसली म्हणून हिचं लग्न जमलं नाही, असं घरातले म्हणत. तिचं म्हणणं वेगळं होतं. जमत होतं, पण तिनेच छापायला परवानगी दिली नाही. भाचरंडांची ती आत्या, आणि पुढे छापखान्यातले, गल्लीतले, दूधवाला, सगळ्यांचीच आत्या झाली. डोळे अडुसष्टाव्या वर्षीही असे, की रस्त्याने जाताना पाटीवरची चुकलेली वेलांटी तिला खड्ड्याआधी दिसायची.

दादा तिचा सख्खा भाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. एकोणिसाव्या वर्षी तो सैन्यात भरती व्हायला गेला होता. डॉक्टरने त्याला ओल्या पायांनी फरशीवर चालायला लावलं आणि ठसा बघून विचारलं, "हे पाऊल आहे की इस्त्री?" सपाट तळव्यांना पलटणीत जागा नव्हती. मग दादाने पस्तीस वर्षं लिफ्ट तपासायची नोकरी केली. पण उभं राहणं मात्र पलटणीतलंच: टाचा जुळलेल्या, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीत. लोकांना वाटायचं, साहेब लिफ्टमध्ये ध्यान लावतात.

आणि अशा माणसाचे आजोबा मोठ्या लढाईतले वीर! मोठ्या लढाईत आजोबांनी एकट्याने एक पूल राखला होता. शत्रूची गोळी मांडीत घुसली तरी जागचे हलले नव्हते, म्हणून ते पुढे जन्मभर लंगडले, आणि म्हणून त्यांना पदक मिळालं. आजोबा दादाच्या जन्माआधीच वारले होते, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. वडील सांगत तेव्हा शत्रू बारा होते. दादा शाळेत सांगू लागला तेव्हा चाळीस झाले. लिफ्ट-निरीक्षकांच्या वार्षिक संमेलनापर्यंत ते दोनशेवर गेले होते. मेलेले शत्रू इतके वाढताना आत्याने दुसरीकडे कुठे पाहिले नव्हते.

पदकाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. आजी गेली, आणि तिची ट्रंक उघडली तर पदक नाही. आत्याचे वडील आणि काका, सख्खे भाऊ, एकाच घरात खाली-वर राहणारे. वडील म्हणाले, तू घेतलंस. काका म्हणाले, तूच घेऊन माझ्यावर घालतोयस. बोलता बोलता राईचा पर्वत झाला आणि जिन्याच्या दाराला खिळे ठोकले गेले. काकांची मुलगी बेबी तेव्हा दहा वर्षांची, आत्या अकराची. दोघी एका बाकावर बसायच्या. खिळे ठोकल्यावरही महिनाभर त्या दाराखालच्या फटीतून एकमेकींना चिठ्ठ्या सरकवत होत्या. मग वडिलांनी सुताराला बोलावून फटीवर लाकडी पट्टी मारून घेतली. काका पुढे घर सोडून गेले. सत्तावन्न वर्षं झाली. बेबी आणि आत्या एकाच शहरात राहत होत्या, आणि कुणाच्या मयताला समोरासमोर आल्या तर दोघीही मयताकडे फार लक्ष देऊन बघायच्या.

आता दादाला घराण्याचा ग्रंथ काढायचा होता. नंतर मेळावा, सभागृह, प्रमुख पाहुणे. मजकूर तयार होता. राहिला होता फक्त पुरावा.

"हल्ली लोक कागद मागतात," दादा म्हणाला. "सैन्याच्या जुन्या दफ्तरखान्यात जा. आजोबांच्या शौर्याचा दाखला घेऊन ये. जुनी अक्षरं तुलाच लागतात."

"आणि दाखल्यात काही वेगळं निघालं तर?"

"शौर्यात वेगळं काय निघणार? दोनशेचे अडीचशे निघतील."

दफ्तरखाना शहराबाहेर, एका लांबलचक बैठ्या इमारतीत होता. आत थंडी अशी की आत्याने दारातच शाल लपेटली. कपाटांच्या रांगा पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. शाईचं पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. टेबलावर वाळू भरलेल्या कापडी उशा होत्या, जुन्या वह्या त्यांच्यावर टेकवून उघडायच्या. इथल्या दफ्तरदार बाई बोटं उघडी असलेले लोकरी हातमोजे घालून बसल्या होत्या. त्यांचं नाक लाल होतं.

"इथे कागदांना जपतात," त्या शिंकून म्हणाल्या. "सर्दी माणसांना होते. कोण हवेत?"

"आजोबा. मोठ्या लढाईतले."

"पुलावरचे का?"

आत्या चकित झाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"इथे येणाऱ्या प्रत्येकाचे आजोबा पुलावरच असतात हो. एवढे सगळे खरंच तिथे असते, तर शत्रूची गरजच नव्हती. पूल वजनानेच कोसळला असता."

आत्याला ही बाई फार आवडली. पहिल्या दिवशी त्या नावाचे सात जण निघाले. दुसऱ्या दिवशी बापाचं नाव आणि गाव लावून दोन उरले. तिसऱ्या दिवशी दुपारी दफ्तरदार बाईंनी फीत बांधलेलं एक पातळ पाकीट उशीवर ठेवलं. आत घडीवर फाटलेला एकच कागद. आत्याने भिंग काढलं आणि प्रूफ वाचावं तसं बोट ठेवून वाचायला लागली.

उंची पाच फूट दोन इंच. दादाच्या ग्रंथात आजोबा सहा फूट होते. ओळखीची खूण, उजव्या कानाची पाळी फाटकी. हुद्दा: खेचरवाला, सामानवाहू तुकडी. वर्तणूक: बरी. त्यापुढे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या शाईत, अगदी बारीक लिहिलं होतं: खेचरांशी उत्तम.

मग शिक्षांचा रकाना. तीन शिक्षा. साहेबाच्या घोड्याआधी खेचराला पाणी पाजलं, चार दिवस जादा काम. साहेबाच्या घोड्याचा चारा खेचराला घातला, सात दिवस. साहेबाच्या घोड्याची घोंगडी पावसात खेचराच्या पाठीवर सापडली, चौदा दिवस. आत्या तोंडावर शालीचं टोक धरून हसली.

खाली इस्पितळाची नोंद होती. 'डाव्या मांडीस खेचराची लाथ. हाड मोडले. तीन तारखेस दाखल, एकोणतीस तारखेस सुटी.'

"पुलाची लढाई कधीची?" तिने विचारलं.

"अकरा तारखेची," दफ्तरदार बाई न बघताच म्हणाल्या. मग जरा थांबून उठल्या, आणि एक रुंद वही घेऊन आल्या. "ही त्यांच्या तुकडीची हजेरी. बघून घ्या. एवढं आला आहात तर."

पानावर त्रेचाळीस नावं होती. अडतीस नावांपुढे एकच शिक्का होता: मृत, तारीख अकरा. शिक्का मारणाऱ्याचा हात सुरुवातीला सरळ होता. खाली खाली येताना शिक्के तिरके, फिके होत गेले होते. मग त्याने पुन्हा शाई घेतली असावी. एकोणचाळिसाव्या ओळीवर आजोबांचं नाव, पुढे लिहिलेलं: इस्पितळात.

आत्या बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. खेचराने आठ दिवस आधी लाथ मारली नसती, तर या नावापुढेही शिक्का असता. मग वडील नाहीत, काका नाहीत, दादा नाही, ती नाही. हसू केव्हाच गेलं होतं. तिने दोन्ही कागदांची नक्कल पेन्सिलीने उतरवून घेतली, दफ्तरदार बाईंकडून शिक्का मारून घेतला आणि उठली.

दादाने नक्कल उभ्यानेच वाचली. मग बसून वाचली. वहिनीने पाणी आणून ठेवलं आणि पुढचं ऐकायला तिथेच थांबली.

"हे आपले आजोबा नव्हेत," दादा म्हणाला.

"बापाचं नाव जुळतं, गाव जुळतं, कानाची पाळीसुद्धा जुळते. तुझ्याकडच्या फोटोत बघ."

"खेचरवाला म्हणजे त्या काळात फार मोठं पद असणार."

"पाच फूट दोन इंचांचं."

दादाने पाणी पिऊन टाकलं. "आणि ही लाथ. ते खेचर शत्रूपक्षाचं नव्हतं, असं या कागदात कुठे म्हटलंय?"

"दादा!"

"नाही ना म्हटलं? मग?"

"अरे, त्याच्या लाथेमुळे तू जन्माला आलास! ते तिथे पडून होते म्हणून वाचले. बाकी अडतीस जण..."

"लाथ हा शब्द ग्रंथात येणार नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मला तळव्यांनी घालवलं. निदान आजोबांना तरी लाथेने घालवू नकोस."

आत्या घरी आली. तिच्या मनात मात्र दुसरंच काही घोळत होतं. कागदावर पदकाचा रकाना होता, आणि त्यात आडवी रेघ होती. शौर्यपदक दिलंच गेलं नव्हतं. मग काकांनी चोरलं काय? नसलेली वस्तू चोरल्याच्या आरोपाखाली एक माणूस घर सोडून गेला होता, आणि ती स्वतः सत्तावन्न वर्षं मयतांकडे बघत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेबीकडे गेली.

बेबी कपडे लहान-मोठे करून द्यायची. पुढे दुकान, मागे घर. आत्या दारात उभी राहिली तेव्हा बेबी एका कोटाच्या अस्तराला टाचण्या लावत होती. गळ्यात टेप, आणि ओठांत दहा-बारा टाचण्या धरलेल्या. तिने वर पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही. हा राग की टाचण्या, हे आत्याला कळेना. मग तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"बेबी, मी दफ्तरखान्यातून कागद आणलाय. आजोबांना शौर्यपदक मिळालंच नव्हतं. काकांनी काही चोरलं नव्हतं. आम्ही तुमच्यावर आळ घेतला, तो खोटा होता. मी माफी मागायला आलेय."

बेबीने एकेक करून सगळ्या टाचण्या काढल्या आणि उशीत खोचल्या. उठून दाराशी गेली, 'उघडे आहे'ची पाटी उलटी करून 'बंद' केली.

"ताई, तू आधी बस."

मग फळीवरचा बटणांचा पत्र्याचा डबा काढला. टेबलावर उपडा केला. शेकडो बटणं घरंगळली, आणि त्यांच्यामधून एक काळा, जाड, गोल तुकडा टणकन पडला.

"बाबांनी चोरलं होतं," बेबी म्हणाली.

आत्या खुर्चीत बसली.

"ते गेल्यावर मला त्यांच्या पेटीत सापडलं. तीस वर्षं झाली. परत द्यायचं तर काय तोंडाने? बाबा शेवटपर्यंत शपथा घेत होते. म्हणून बटणांत लपवलं. कुणी बटण शोधायला आलं की माझा जीव वरखाली व्हायचा. आणि आता तू म्हणतेस, पदक नव्हतंच? मग मी तीस वर्षं लपवलं काय?"

आत्याने भिंग काढलं. काजळी चढल्यामुळे अक्षरं काही दिसेनात.

"कधी घासलं नाहीस?"

"चकाकलं असतं तर लपवता आलं असतं का?"

बेबीने आतून दंतमंजन आणि एक चिंधी आणली. दोघी आलटून पालटून घासत बसल्या. आधी दोन लांब कान उजळले. मग एक डोकं, मग चार पाय. मागे अक्षरं होती. आत्याने ती चाळीस वर्षांच्या सवयीने मोठ्याने, काना-मात्रेसकट वाचली: "पलटणीचा पशुमेळा. उत्तम निगेचे खेचर. क्रमांक दुसरा."

आधी बेबीला हसू फुटलं की आत्याला, हे दोघींनाही नंतर आठवेना. त्या इतक्या हसल्या की शेजारचा घड्याळदुरुस्तीवाला काय झालं म्हणून काचेतून डोकावून गेला. हसता हसता बेबीने आत्याचा हात धरला.

"म्हणजे आजोबा खोटं बोललेच नव्हते," बेबी म्हणाली. "म्हणाले असतील, मला पदक मिळालंय."

"आणि कशाबद्दल, ते कुणी विचारलंच नसेल."

"दुसऱ्या क्रमांकाच्या खेचरापायी ग, ताई." बेबीने डोळे पुसले. "त्या दारावर पट्टी मारली ना, त्या दिवशीची माझी चिठ्ठी आत तशीच अडकून राहिली होती."

"काय लिहिलं होतंस?"

"आता कुठलं आठवायला! गणिताचं काहीतरी असेल."

बेबी लपवून लपवून दमली होती. दादाला सांगून टाक, असं तिनेच म्हटलं. आत्याने सांगितलं. दादाने पदक हातातसुद्धा घेतलं नाही. पण त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे चोरी झाली होती! मग ते प्रकरण ग्रंथात तसंच ठेवू."

"आणि खेचर?"

"खेचराचा पुरावा चोरीच्या मालातून आलाय. असा पुरावा ग्राह्य धरत नाहीत."

पुढच्या आठवड्यात ग्रंथाची प्रुफं आत्याकडेच आली, कारण दादाला बाहेरचा माणूस विश्वासाचा वाटत नव्हता. पान सतरावर पूल होता. दोनशे शत्रू होते. नदीचं पाणी लाल झालं होतं. आजोबांनी मरणाऱ्या घोड्यावरून भाषणही केलं होतं, सव्वा पानाचं, आणि त्यातल्या काही ओळी आत्याने लिफ्ट-निरीक्षकांच्या संमेलनात आधीच ऐकल्या होत्या.

आत्याची पंचाईत अशी होती की तिचं एक व्रत होतं. प्रुफं वाचणाऱ्याने अक्षरं दुरुस्त करायची, मजकुराला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत तिने पुढाऱ्यांची भाषणं वाचली होती, औषधांच्या जाहिराती वाचल्या होत्या, एका ज्योतिषाचं भविष्य तर सलग अकरा वर्षं वाचलं होतं. तरी एका शब्दाचा अर्थ इकडचा तिकडे केला नव्हता. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाकडे पाठवायचं. तिने पान सतरावर नऊ प्रश्नचिन्हं केली. दादाने ती लाल शाईने खोडली आणि खाली लिहिलं, 'छापा'. पान नऊवर तिने 'शुर'चं 'शूर' करायला सांगितलं होतं, तेही त्या झपाट्यात खोडलं गेलं.

ग्रंथ छापून झाला. बांधणी झाली. गठ्ठे सुटायच्या आदल्या दिवशी आत्या छापखान्यात फोरमनला भेटायला गेली. फोरमन तिच्याच हाताखाली तयार झालेला.

"एक चूक राहिली," ती म्हणाली. "'शूर'चा 'शू' ऱ्हस्व गेलाय."

"अरेरे! मग आता?"

"शुद्धिपत्र लावावं लागेल. ते मी लिहिते. त्यावर लेखकाची सही लागत नाही ना?"

"शुद्धिपत्र तर तुमच्याच अखत्यारीतलं, आत्या."

हे खरं होतं. मजकूर लेखकाचा, पण चुकीची कबुली छापखान्याची. आत्याने त्या रात्रीची झोप घालवली नाही. तिथेच फोरमनच्या टेबलावर बसून अर्ध्या तासात शुद्धिपत्र लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि बेबी शिवणाच्या टेबलावर खळीचं भांडं ठेवून तीनशे प्रतींना एकेक पट्टी चिकटवत बसल्या. पट्टी अशी होती:

'पान ९, ओळ ६: "शुर" ऐवजी "शूर" वाचावे.
पान १२, ओळ १: "सहा फूट" ऐवजी "पाच फूट दोन इंच" वाचावे.
पान १७, ओळ ४: "एकट्याने पूल राखला" ऐवजी "एकट्याने खेचर राखले" वाचावे.
पान १७, ओळ ५: "दोनशे शत्रू" हे शब्द गाळावेत.
पान १७, ओळ ११: "शत्रूची गोळी" ऐवजी "आपल्याच खेचराची लाथ" वाचावे.
पान १७-१८: संपूर्ण भाषण गाळावे.
पान १९, ओळ २: "शौर्यपदक" ऐवजी "उत्तम निगेच्या खेचराबद्दल पदक, क्रमांक दुसरा" वाचावे.
पान २३: "धाकट्या पातीने हडप केले" ऐवजी "दोन्ही पातींनी नीट पाहिले नाही" वाचावे.'

मेळाव्याला सव्वाशे माणसं आली. दादाने भाड्याने घेतलेल्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. प्रमुख पाहुणे एक निवृत्त कर्नल होते. वय झालेलं, कान जरा मंद. समारंभातल्या खुर्चीत डोळे उघडे ठेवून झोपायचा त्यांचा सराव दांडगा होता. दादाने तासभर भाषण केलं. पूल आला, पाणी लाल झालं, शत्रू अडीचशे झाले. मग कर्नलच्या हस्ते ग्रंथाचं प्रकाशन झालं. त्यांनी फोटोसाठी ग्रंथ उघडून धरला. आता डोळे उघडेच होते, म्हणून समोर आलं ते त्यांनी वाचलं. आणि ते जागे झाले.

"हे काय?" त्यांनी माईकमध्येच विचारलं. "खेचर?"

दादाने मान वाकवून पट्टी वाचली. त्याच्या टाचा पटकन जुळल्या. संकटात त्याचं शरीर तेवढंच करू शकायचं.

"छापखान्याची चूक," तो म्हणाला.

"चूक? अहो, मी गेल्या दहा वर्षांत पूल राखणाऱ्या चौदा घराण्यांचा पाहुणा झालोय. चौदा! खेचर राखणारं पहिल्यांदा भेटतंय." कर्नलनी हातातलं लिहिलेलं भाषण खिशात घातलं. "मी सहा वर्षं डोंगरातल्या ठाण्यावर काढली. तिथे पाणी कोण आणायचं? दारूगोळा कोण आणायचं? पत्रं कोण आणायचं? आणि जखमी कुणाच्या पाठीवरून खाली यायचे?"

त्यानंतर ते पाऊण तास खेचरांवर बोलले. खेचराला खोगीर कसं घालतात, बर्फात ते आधी पाऊल टाकून कसं बघतं, साहेब कोण आणि गाढव कोण हे त्याला कसं बरोबर कळतं. सव्वाशे माणसं खुर्चीच्या कडेवर सरकून ऐकत होती. दादाच्या भाषणात झोपलेली नातवंडं उठून पुढे जाऊन बसली. शेवटी कर्नलनी विचारलं, "पदक कुठे आहे?" आणि मागच्या रांगेतून बेबी उठली. सत्तावन्न वर्षांनी धाकट्या पातीचं माणूस घराण्यात उभं राहिलं, तेही चोरीचा माल हातात घेऊन. पदक रांगेरांगेने फिरलं. प्रत्येकाने आधी कान बघितले.

दादा मात्र समारंभ संपेपर्यंत तसाच उभा होता, नजर समोरच्या भिंतीत. जाताना आत्याने त्याच्या दंडाला हात लावला. त्याने तो झटकला नाही, पण नजर भिंतीवरून काढलीही नाही.

तीन आठवडे त्याचा फोन आला नाही. आत्याला वाईट वाटत होतं. आपण खरं केलं हे तिला माहीत होतं, पण खरं करून भाऊ गमावायचा, हे हात दाखवून अवलक्षणच की. वहिनीचा निरोप मधे येऊन गेला: 'तब्येत बरी आहे. जेवतात. पुस्तकं वाचतात.' कसली पुस्तकं, ते वहिनीने सांगितलं नाही.

चौथ्या आठवड्यात सकाळी सातला फोन वाजला.

"पहिला क्रमांक कुणाचा आला होता?" दादाचा आवाज.

"कसला पहिला क्रमांक?"

"खेचरांचा! मी पशुवैद्यकाची तीन पुस्तकं वाचली. शिक्षांचा रकाना आठव. ज्याने साहेबाच्या घोड्याचा चारा, पाणी, घोंगडी, सगळं खेचराला दिलं, त्याचं खेचर दुसरं येईलच कसं? सरळ सरळ अन्याय आहे हा. परीक्षक कोण होता? तोच साहेब असणार! डूख धरून आजोबांना मागे टाकलं."

"दादा, त्याला आता शंभर वर्षं..."

"शंभर वर्षांनी का होईना, निकाल बदलला पाहिजे. तू पुन्हा दफ्तरखान्यात जा. पशुमेळ्याचा कागद काढ. गुण किती, कुणाला, कुणी दिले. मी अर्जाचा मसुदा केलाय, एकवीस पानं झालीत. आणि ऐक, एकटी जाऊ नकोस. तिथे गारठा असतो म्हणालीस. बेबीला घेऊन जा." मग जरा थांबून म्हणाला, "तिलाही म्हणावं, दादाने सांगितलंय."

दफ्तरदार बाईंनी आत्याला दारातच ओळखलं. हातमोजे तेच, नाकही तेवढंच लाल.

"पुन्हा पूल?" त्यांनी विचारलं.

"नाही," बेबी म्हणाली. "आम्हाला खेचरांचा निकाल मान्य नाही."

दफ्तरदार बाईंनी क्षणभर दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग वहीत तारीख घातली, आणि कामाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून पेन्सिल थांबवली.

"तक्रार लिहा," आत्या म्हणाली. "'क'ला 'र' जोडा, 'तकरार' नको. हां, असं."